आधी माप पाहा, मग ओता

शेंडे मॅडमचा तास सुरू झाला की आधी माझी भांडी जायची.

चहाचा गंज, म्हणजे पातेलं, पाण्याची बादली, दोन फुलपात्रं आणि एक कान तुटलेला कप, एवढंच माझं राज्य. तेही सकाळी साडेआठला मॅडम उचलून न्यायच्या. "गोदा, तुही बादली दे वं," म्हणायच्या, आणि मी हो म्हणायच्या आत बादली काचेच्या दाराआड गेलेली असायची. त्या दाराआड दोन कॉम्प्युटर होते. त्यांच्याजवळ पाण्याचा थेंब न्यायचा नाही, असं मॅडमनीच भिंतीवर बोटभर जाडीच्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं. त्या पाटीखालीच बादली ठेवायच्या.

क्लास गांधीबागेत होता, सेठजींच्या ठोक कापडाच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. सेठजींनी कोणा पाहुण्याचं ऐकून दोन मशीनं घेतली आणि शिकवायला मॅडमना बोलावलं. मी झाडायची, पुसायची, कूलरमध्ये पाणी भरायची, चहा करायची आणि चपला सांभाळायची. आत धूळ चालत नसे, म्हणून सगळ्यांनी चपला दाराशी काढायच्या. माझं स्टूल त्या चपलांच्या बाजूला. दाराखाली बोटभर फट होती. त्या फटीतून थंड हवा आणि मॅडमचा आवाज, दोन्ही माझ्या पायांशी यायचे. मी चौथीपर्यंत शिकले. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही. कान मात्र चांगले आहेत.

मॅडम उंच, हडकुळ्या. पदर कमरेला खोचलेला, अंबाड्यात पेन्सिल, आणि दिवसभर पेन्सिल शोधत असायच्या. मनीषनगरच्या बाजूने, शेतं होती तिकडून, मोपेडवर यायच्या. मोपेड चालू असताना एक पाय कायम बाहेर, जमिनीपासून वितभर वर. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "गाडीवर माहा भरोसा नाही अन् गाडीचा माह्यावर नाही. पाय बाहेर असला की दोघी सावध राहतो."

त्या सी नावाची भाषा शिकवायच्या. बंगलोरला तीन महिने राहून शिकून आल्या होत्या. त्याआधी नऊ वर्षं एका शाळेत गणित शिकवत होत्या, पक्की नोकरी. ती सोडून या दोन खोल्यांत आल्या. आमच्याकडच्या बायकांना हे समजत नव्हतं. मलाही नव्हतं.

पहिल्या दिवशी बाराच पोरं-पोरी होती. मॅडम सुरुवात नेहमी शुद्ध भाषेत करायच्या. "मशीनमध्ये आकडा ठेवायचा तर आधी भांडं ठरवावं लागतं. पूर्ण आकड्याचं भांडं वेगळं, टिंबवाल्या आकड्याचं वेगळं. लहान आकड्याचं लहान, मोठ्याचं मोठं." मग त्यांनी कपभर पाणी घेतलं आणि बादलीत ओतलं. "सांडलं का?"

"नाही मॅडम."

"लहान भांड्यातून मोठ्यात ओततानी कोणाले विचारायची गरज नाही. आता पाहा." इथपर्यंत आल्या की शुद्ध भाषा संपायची. त्यांनी अख्खी बादली उचलली आणि त्या कान तुटलेल्या कपात ओतली.

दाराखालच्या फटीतून पाणी माझ्या पायाशी आलं. चपला तरंगायला लागल्या. आत पोरं पाय वर घेऊन खुर्च्यांवर बसली होती आणि मॅडम शांतपणे कप वर धरून विचारत होत्या, "बादलीभर पाणी होतं. आता किती आहे?"

"कपभर."

"मशीननं आवाज केला का? तक्रार केली का?"

"नाही मॅडम."

"हाच त्याचा अवगुण आहे गा पोरांनो. मोठं भांडं असो का लहान, सांगितलं की ओतते अन् चूप बसते. सांडलेलं कुठं गेलं ते तुमच्या बापाले कळणार नाही. म्हणून आधी माप पाहा, मग ओता."

मी पोछा घेऊन आत गेले तर त्यांनी तो माझ्या हातातून घेतला. "मी सांडलं, मीच पुसीन." पदर आणखी वर खोचून बसल्या आणि पुसत पुसतच पुढचं शिकवलं. त्या दिवशी बारा पोरांनी टेबलाखाली वाकून धडा ऐकला.

टिंबवाला आकडा पूर्ण आकड्याच्या भांड्यात घातला की टिंबाच्या पुढचं सगळं मशीन कापून टाकतं. जवळच्या आकड्याला नेत नाही, सरळ कापतं. मॅडमना हा नियम फार आवडायचा. नलू नावाच्या एका पोरीने विचारलं, "मॅडम, तुमचं वय काय?"

"खरं सांगू का मशीनच्या हिशेबानं सांगू?"

"दोन्ही."

"खरं म्हणशील तर एकोणचाळीस वर्षं अकरा महिने. मशीनच्या हिशेबानं एकोणचाळीस. मी मशीनचं ऐकते." पुढच्या महिन्यात एका सकाळी सगळ्यांसाठी बालूशाही घेऊन आल्या आणि खुर्ची ओढून बसत म्हणाल्या, "भरलं वं भांडं. चाळीस."

अक्षरांचा धडा तर मी जन्मभर विसरणार नाही. मशीनच्या पोटात अक्षर नसतंच म्हणे, नुसता आकडा असतो. इंग्रजी ए म्हणजे पासष्ट, बी म्हणजे सहासष्ट, असं पुढे. एकच वस्तू, अक्षराच्या भांड्यातून पाहिलं तर ए, आकड्याच्या भांड्यातून पाहिलं तर पासष्ट. त्या दिवसापासून मॅडमनी सगळ्यांची नावं बदलली. नावाच्या पहिल्या अक्षराचा जो आकडा, तेच नाव. विलास शहाऐंशी. नलू अठ्ठ्याहत्तर. मॅडमचं नाव शकुंतला, आडनाव शेंडे, म्हणून त्या दोन्हीकडून त्र्याऐंशी.

दुपारी बाहेर येऊन मला म्हणाल्या, "चहा टाक वं, एकाहत्तर."

मी इकडे तिकडे पाहिलं.

"तुलेच म्हणून राहिली. जी फॉर गोदा. एकाहत्तर."

चौथीपर्यंतच शिकलेली, त्यामुळे मला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. पण आकडे येत होते. कूलरच्या झाकणावरच्या धुळीत त्यांनी बोटाने मला तो जी काढून दाखवला. मी तो पुसला नाही, तीन दिवस झाकणाची तेवढी जागा सोडून बाकी पुसत होते. मग बाजारातून जाताना दुकानांच्या पाट्यांवर शोधायला लागले. गांधीबागेचा जीही माझाच निघाला. मी आणि सगळी गांधीबाग, एकाहत्तर. कोणाला सांगितलं नाही, पण त्या दिवशी घरी जाईपर्यंत हसूच येत होतं.

त्यातली खरी मजा पुढे होती. मोठ्या अक्षराच्या आकड्यात बत्तीस मिळवले की तेच अक्षर लहान लिपीतलं होतं. मॅडमनी हे फळ्यावर लिहिलं, मागे सरून पाहिलं आणि एकदम हसायला लागल्या. "अगा, जगात मिळवलं की मोठं होते. हेच एक असं आहे की मिळवलं की लहान होते." पोरांना यात एवढं काय ते कळेना. पण मॅडम हसता हसता टेबल धरून खाली बसल्या, मग नलू हसली, मग विलास, मग सगळे, आणि बाहेर मी चपलांमध्ये तोंडाला पदर लावून. खालून सेठजींचा मुनीम वर आला, काय झालं म्हणून. त्याला कोणी सांगू शकलं नाही.

विलासची सुट्टी तर सगळ्या गांधीबागेला माहीत होती. मशीनमध्ये काही भांड्यांना उणे आकडा कळतच नाही. शून्याच्या खाली गेलं की मोपेडच्या मीटरसारखं होतं. शून्यावरून एक घर मागे फिरवलं की सगळे नऊ दिसतात. तसं आमच्या मशीनमध्ये शून्यातून एक काढला की एकदम पासष्ट हजार पाचशे पस्तीस यायचे. मॅडमनी पोरांना हजेरी लिहायला लावली होती. प्रत्येकाला बारा सुट्ट्या. घेतलेल्या वजा करून उरलेल्या दाखवायच्या. विलासने उरलेल्या सुट्ट्यांसाठी नेमकं तेच भांडं निवडलं आणि स्वतः तेरा सुट्ट्या मारल्या.

दुसऱ्या दिवशी त्याचा अर्ज टेबलावर. मशीनच्या म्हणण्याप्रमाणे माझ्या पासष्ट हजार पाचशे पस्तीस सुट्ट्या शिल्लक आहेत, तरी मला एकशे साडेएकोणऐंशी वर्षांची रजा मिळावी, ही विनंती.

मॅडमनी अर्ज मोठ्याने वाचला. अंबाड्यातली पेन्सिल आपोआप सापडली. खाली लिहिलं: "एकशे एकोणऐंशी वर्षं मंजूर. वरचे सहा महिने कापले. परत येताना डबा आणावा."

असं सगळं हसण्यात चाललं होतं, पण जिन्यावर गाठी चढत होत्या.

कापडाच्या गाठी. सेठजींनी पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं होतं: मे महिन्यापर्यंत पुढच्या बॅचसाठी पंधरा नावं झाली तर क्लास राहील, नाही तर मशीनं विकून वर माल ठेवीन. आणि सेठजी वाट पाहणारे नव्हते. दिवाळीत गाठी जिन्याच्या खालच्या वळणावर होत्या. संक्रांतीला पहिल्या मजल्यावर. होळी झाली आणि एका सकाळी मी झाडायला आले तर एक गाठ वरच्या पायरीवर, माझ्या स्टुलापासून दोन हातांवर बसलेली. मॅडम आल्या, गाठीकडे पाहिलं, तिला म्हणाल्या, "नमस्कार. चप्पल काढून आत या." आणि तिच्यावर डबा ठेवून आत गेल्या. वहीत तोवर चार नावं होती.

मॅडमचा रस्ता आणि माझा हुडकेश्वरचा रस्ता निम्म्यापर्यंत एकच. कधीकधी मला मागे बसवायच्या. सपाटीवर बरं होतं, पण पुलाचा चढ लागला की मोपेड रडायला लागायची. "उतर वं गोदा, भांडं भरलं," असं त्या म्हणायच्या. मी उतरून चालायची, आणि मोपेडच्या आधी पुलावर पोचून त्यांची वाट पाहायची. त्या वर येईपर्यंत आम्ही दोघी हसून दमलेल्या असायचो, त्या चढावर आणि मी वर.

अशीच एकदा पुलावर थांबलो असताना मी विचारलं. एवढ्या महिन्यांत मी आपणहून विचारलेली ती दुसरी गोष्ट. "मॅडम, शाळा काहून सोडली?"

त्यांनी पदराने तोंड पुसलं. "पाह्य, मोठ्या भांड्यातून लहानात ओतायचं असलं अन् तुले माहीत आहे सांडणार आहे, तरी ओतायचंच आहे, तर सीमध्ये एक सोय आहे. आधी कंसात त्या लहान भांड्याचं नाव लिहायचं. तो कंस म्हणजे आपली सही. मले माहीत आहे, सांडू दे, मी ओतून राहिली. मंग मशीनचा दोष नाही."

"हां."

"शाळा मी कंस टाकून सोडली." मग मोपेडला लाथ मारत म्हणाल्या, "आता गाठींनी जागा खाल्ली तर रडायची सोय नाही. सही माहीच आहे."

मे महिन्यात त्यांनी सगळ्यांना बोलावलं. सेठजी, दोन शाळांचे मुख्याध्यापक, आजूबाजूचे व्यापारी, पोरांचे आईबाप. मशीन काय करतं ते दाखवायचं, आणि जमलं तर तिथेच नावं घ्यायची. वहीत सात झाली होती. मॅडमच्या वडिलांचा एक जुना काचेचा तापमापक होता, त्यावर फक्त फॅरेनहाइटचे आकडे. तो त्यांनी बाहेरच्या गॅलरीत टांगला. पाहुण्यांनी आकडा वाचायचा, मशीनला सांगायचा, आणि मशीन सेंटिग्रेडमध्ये उत्तर देणार. आकड्यातून बत्तीस वजा, गुणिले पाच, भागिले नऊ. पोरांनी पन्नास वेळा करून पाहिलं होतं. बरोबर यायचं.

त्या दिवशी सकाळी मॅडम सगळ्यांच्या आधी आल्या होत्या. नवी साडी, आणि अंबाड्यात चुकून दोन पेन्सिली. मी पुसत होते तेव्हा पडद्याकडे पाहून म्हणाल्या, "हे सूत्र उलटसुलट दिसते वं. मुख्याध्यापक येणार, त्याहिच्या पुस्तकात पाच छेद नऊ आधी असते. छान दिसलं पाहिजे." आणि ओळ बदलून पाच भागिले नऊ पुढे आणलं. मग पाहुणे आले, खुर्च्या कमी पडल्या, आणि ते पुन्हा चालवून पाहायचं राहून गेलं.

खोली गच्च भरली. कूलर नुसता दमट वारा फेकत होता. सेठजी गॅलरीत गेले, डोळे बारीक करून तापमापक वाचला. "एक सौ तेरह."

मॅडमनी एकशे तेरा टाकले आणि बटण दाबलं.

पडद्यावर शून्य आलं. शून्याच्या पुढे टिंब, आणि टिंबाच्या पुढे आणखी सहा शून्यं, एकाही शून्याला शंका नाही.

सेठजींच्या कपाळावरून घामाचा एक थेंब नाकावर आला आणि तिथे थांबला. "मॅडमजी," ते म्हणाले, "नीचे से कंबल मँगवाऊँ?"

खोली हसून फुटली. एक मुख्याध्यापक म्हणाले, "पुन्हा करून पाहा." मॅडमनी पुन्हा केलं. शून्य. मग त्यांनी दोनशे बारा टाकले, उकळत्या पाण्याचे. शून्य. मागून कोणीतरी, "आमच्या घरचं दूध नेऊन ठेवा रे इथं," म्हणालं. मॅडम पडद्याकडे पाहत राहिल्या. मी त्यांना दाराच्या काचेतून पाहत होते. पंधरा वर्षांचा अनुभव असलेली स्वयंपाकीण फोडणी द्यायची विसरते आणि ताटावर बसेपर्यंत तिला कळत नाही, तसा चेहरा होता. ओळ समोर होती, चूक समोर होती, आणि त्यांना दिसत नव्हती. माझ्या मागे, वरच्या पायरीवर, ती गाठ बसली होती.

मला ओळ वाचता येत नव्हती. पण सकाळी काय बदललं ते मी ऐकलं होतं. पाच भागिले नऊ आधी. आणि पाच आणि नऊ म्हटलं की मला हिवाळ्यातला तो धडा आठवायचा, कारण त्यासाठी पेढे मीच आणले होते. मॅडमनी पाच पेढे नऊ पोरांपुढे ठेवले होते. पेढा तोडायचा नाही. सगळ्यांना सारखं द्यायचं. किती किती? एकालाही नाही. शून्य. पूर्ण आकड्याच्या भांड्याला तोडता येत नाही. पाचाच्या पुढे टिंब दिलं की मशीनला तोडायची परवानगी मिळते, मग प्रत्येकाला अर्ध्याहून थोडा जास्त.

आजच्या पाहुण्यांसाठी सेठजींनी पेढेच आणले होते. ताट माझ्या हातात होतं. मी एक बशी घेतली, एक पेढा तोडून त्याचे दोन तुकडे तिच्यात ठेवले, चपला ओलांडून आत गेले, माणसांच्या मधून, मान खाली, आणि बशी मॅडमच्या हाताशी ठेवून परत बाहेर आले. एवढ्या माणसांत मी कधी गेले नव्हते.

मॅडमनी बशीकडे पाहिलं. मग पडद्याकडे. मग पुन्हा बशीकडे. आणि हसायला लागल्या.

ते बत्तिसाच्या दिवशीचं हसणं होतं. पहिल्यांदा नुसते खांदे हलले. मग दोन्ही पेन्सिली अंबाड्यातून खाली पडल्या. सेठजी घाबरून म्हणाले, "पानी लाओ." मॅडमनी हात वर करून थांबवलं, डोळे पुसले आणि उठून उभ्या राहिल्या.

"चूक माही आहे," त्या म्हणाल्या. मुख्याध्यापकांसमोर, व्यापाऱ्यांसमोर, सरळ. "बारा पोरांना वर्षभर जे करू नका म्हणून शिकवलं, ते आज सकाळी मी सोता केलं. आमच्यातल्याच एका जाणकारानं आता दाखवलं. नाव सांगणार नाही, त्या माणसाले आवडत नाही."

त्यांनी बोलताना दाराकडे पाहिलंसुद्धा नाही. मी त्या वेळी देवाचे आभार मानले नाहीत, मॅडमचेच मानले.

मग त्यांनी पुढच्या रांगेतल्या नऊ जणांना उभं केलं. सेठजी, दोन्ही मुख्याध्यापक, एक साडीवाले, विलासची आई, सगळे. ताटात पाच पेढे ठेवले. "तोडायचे नाही. सगळ्याहिले सारखे द्या."

नऊ मोठी माणसं पाच पेढ्यांकडे पाहत राहिली. साडीवाल्यांनी एक उचलला, विलासच्या आईने तो त्यांच्या हातातून परत ताटात ठेवला. "सारखे म्हणाल्या ना त्या." मुख्याध्यापक एकमेकांना तुम्ही घ्या, तुम्ही घ्या करत राहिले. शेवटी सेठजी म्हणाले, "ऐसे तो किसी को नहीं मिलेगा."

"किती भेटला?"

"ज़ीरो."

"मशीनही तेच म्हणते सेठजी. पाच पूर्ण, नऊ पूर्ण, तोडायची परवानगी नाही, म्हणून शून्य. आता या शून्याले एक्याऐंशीनं गुणा का हजारानं गुणा. उत्तर ठेवायले मी भांडं मोठंच घेतलं होतं, टिंबवालं. पण ते भांडं यायच्या आधीच सगळं वाया गेलं होतं. मोठं भांडं उशिरा आणून काय फायदा?" त्यांनी खाली बसून पाचाच्या पुढे टिंब आणि एक शून्य टाकलं. "आता तोडा."

मशीन दोन मिनिटं घरघर करत होतं. तेवढ्यात लोकांनी पेढे तोडले, तुकडे वाटले, कोणाचा तुकडा मोठा यावर विलासच्या आईचं आणि साडीवाल्यांचं थोडं वाजलंही. मॅडमनी एकशे तेरा टाकले.

पंचेचाळीस.

सगळे एकदम गॅलरीकडे वळले, जणू तिथलं ऊन आताच सुरू झालं. सेठजींनी रुमाल काढून नाकावरचा तो थेंब पुसला.

मशीन पहिल्याच झटक्यात पंचेचाळीस म्हणालं असतं, तर लोक वा म्हणून पेढा खाऊन गेले असते. मला तसं वाटतं. पण आता त्यांना शून्याचं कारण कळलं होतं, आणि कळल्यावर ते दुसऱ्याला सांगायची घाई झाली होती. जिना उतरताना माणसं एकमेकांना पेढ्याचं गणित समजावत होती. साडीवाले दोनदा परत वर आले, टिंब नेमकं कुठे दिलं ते विचारायला, आणि दुसऱ्यांदा आले तेव्हा पोराचं नाव लिहून गेले. संध्याकाळपर्यंत वहीत सोळा नावं. सतरावं सेठजींनी स्वतः लिहिलं, आपल्या सुनेचं.

सगळे गेल्यावर मॅडम बशी घेऊन बाहेर आल्या आणि माझ्याशेजारी त्या गाठीवर बसल्या. तोडलेला पेढा तसाच होता. एक तुकडा मला दिला, एक स्वतः घेतला. दुसऱ्या दिवशी हमाल आले आणि गाठी खाली उतरायला लागल्या. मॅडम प्रत्येक गाठीला "पुन्हा येऊ नका" म्हणत पायरीवर उभ्या होत्या.

पुढे दोन वर्षांत क्लास वाढला. दोनाची सहा मशीनं झाली, सकाळ-संध्याकाळ तास. मग एक दिवस मॅडम म्हणाल्या, हैदराबादला एका कॉलेजात बोलावलं आहे, जाते. मी म्हटलं, "आता तर सारं चांगलं चालून राहिलं."

"म्हणूनच वं. आता हे माह्याशिवाय पडत नाही. पडून राहिलं असतं तर गेली असती का?"

क्लास विलासच्या हाती दिला. मॅडमनी सगळ्यांसमोर त्याला तो जुना अर्ज परत केला, म्हणाल्या, रजा संपायला एकशे सत्त्याहत्तर वर्षं बाकी असताना कामावर रुजू झाल्याबद्दल अभिनंदन. त्याने खरंच डबा आणला होता.

माझ्याकडून त्यांनी चहाचा गंज मागितला. जर्मन धातूचा, तीन ठिकाणी चेपलेला. "तिथं तेलुगू पोरांना शिकवायचं आहे. भांडं ओळखीचं असलं पाहिजे." तो मोपेडच्या हॅंडलला टांगला, एक पाय बाहेर काढला आणि गेल्या.

मी गॅलरीत उभी राहून पाहत होते, जिथे तो तापमापक टांगला होता तिथे. गल्लीत गाठींची हातगाडी आडवी आली. मोपेड थांबली. मॅडम वळल्या, वर पाहिलं आणि त्या भर बाजारात ओरडल्या, "एकाहत्तर!"

अख्खी गल्ली वर पाहायला लागली. दुकानदार, गिऱ्हाइकं, हमाल. मी गॅलरीचा कठडा दोन्ही हातांनी धरला. मग तोंडून निघालं.

"त्र्याऐंशी!"

इतक्या मोठ्याने निघालं की मीच दचकले. हातगाडीवाला माझ्याकडे पाहून म्हणाला, "कोणत्या थानाचा नंबर आहे बाई?" मॅडम हॅंडलवर वाकून हसत होत्या, गंज हॅंडलवर ठणठण वाजत होता. गाडी बाजूला झाली. त्यांनी तो बाहेरचा पाय उचलला, मोपेडवर नीट आत ठेवला, आणि गर्दीतून निघून गेल्या. ठणठण बराच वेळ ऐकू येत होती.